थरथरणाऱ्या आवाजाचा डबा

दोस्तांनो, एक प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलेला असणार. टेबलफॅन लावायचा, त्याच्यासमोर वीत-दीड वीत अंतरावर तोंड न्यायचं आणि लांबलचक 'आऽऽऽ' म्हणायचं. आवाज कसा येतो? 'आ-आ-आ-आ' असा, तुकड्यातुकड्यांनी. जणू विहिरीच्या तळातून एखादा राक्षस बोलतोय! मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस ओरडतं, "अरे, सर्दी होईल, बाजूला हो!" आणि प्रयोग तिथंच संपतो.

पण विचार करा. तुमच्या घशातून तर एकसारखाच आवाज निघत होता. मग तो तुटला कुठं? पंख्याची पाती समोर आली की आवाज अडतो, पाती सरकली की सुटतो. म्हणजे आवाज तुमचा, पण त्याचा जोर कमी-जास्त करण्याचं काम पंखा करत होता, तेही ठरावीक वेगानं. आवाजाच्या एखाद्या गुणात असा लयीत बदल करत राहणं, याला म्हणतात मॉड्युलेशन. आवाजाचा जोर वरखाली केला तर ट्रेमोलो. सूरच वरखाली हलवला तर व्हायब्रेटो. ट्रेमोलो हा शब्द इटालियन भाषेतला, त्याचा अर्थ 'थरथरणारा'. आपल्या संगीताला ही गोष्ट नवी नाही बरं का. दरबारी कानड्यातला कोमल गंधार गवई सरळ लावतच नाहीत, त्याला झोका देतात. त्याला आपण आंदोलन म्हणतो.

गंमत म्हणजे मोठमोठ्या लोकांचीही या दोन शब्दांत गल्लत झालेली आहे. १९५४ साली अमेरिकेत फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली. तिला एक दांडी आहे, ती दाबली की सूर हलतो. तिला नाव दिलं 'ट्रेमोलो'! आणि त्याच कंपनीच्या काही ॲम्प्लिफायरवर आवाजाचा जोर हलवणारं बटण आहे, त्यावर लिहिलंय 'व्हायब्रेटो'! नेमकं उलटं. आजतागायत लोक तेच शब्द वापरतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला का सांगताय? सांगतो. माझ्या भाचीनं असा आवाज थरथरवणारा डबा घरच्या घरी बनवला. तो कसा बनला, आणि त्यात तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हात कसा होता, हे तुम्हाला सांगायचंय. 'हात' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुढं कळेलच.

आधी इलेक्ट्रिक गिटारची थोडी ओळख करून घेऊ. तिच्या तारा लोखंडाच्या जातीच्या, म्हणजे पोलादी असतात. तारांखाली चुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. तार थरथरली की वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. हा नियम मायकल फॅरडे यांनी १८३१ साली शोधला, तोच तुमच्या सायकलच्या डायनामोलाही लागू आहे. ही वीज किती? एका व्होल्टचा काही दशांश भाग. ती वायरमधून ॲम्प्लिफायरकडे जाते, तिथं मोठी होते आणि स्पीकरमधून ऐकू येते. या वाटेत मध्येच एक डबा ठेवायचा आणि त्या विजेला गुदगुल्या करायच्या, म्हणजे झालं इफेक्ट पेडल! ते पायानं दाबायचं असतं, कारण दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात.

हे डबे बनवताना माणसांनी काय काय क्लृप्त्या केल्या आहेत! १९४०च्या दशकात अमेरिकेत डीआर्मंड कंपनीनं एक ट्रेमोलो बनवला होता. त्यात एक लहानशी मोटर काचेच्या कुपीला हलवायची. कुपीत वीज वाहून नेणारं पाणी. ते हिंदकळलं की आवाजाची थोडी वीज दुसऱ्या वाटेनं निघून जायची आणि आवाज थरथरायचा! त्याच सुमारास डॉन लेस्ली यांनी ऑर्गनसाठी असा स्पीकरचा पेटारा काढला, की ज्यात आवाज बाहेर फेकणारं कर्णंच गोल फिरतं.

पण मला सगळ्यांत आवडतो तो जपानमधला युनि-व्हाइब. फुमिओ मिएदा या इंजिनिअरनं १९६०च्या दशकात तो तयार केला. त्याच्या पोटात एक छोटा बल्ब आहे. बल्बभोवती चार एलडीआर. एलडीआर म्हणजे उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा भाग. बल्ब उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो, आणि त्याप्रमाणे गिटारचा आवाज लाटांवर हेलकावे घेतो. जिमी हेंड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकच्या महोत्सवात तो वापरला. मिएदा यांना ही कल्पना सुचली ती रेडिओवरून. दूरच्या मॉस्कोचं प्रक्षेपण ऐकताना आवाज हेलकावत यायचा, तसा आवाज आपल्याला काढता येईल का, असं त्यांच्या मनात आलं.

ही गोष्ट मी नानांना सांगितली, तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. "अरे, हे तर आमचं रेडिओ सिलोन!" ते म्हणाले. "रात्री गाणं लागायचं आणि मध्येच खोल जायचं, परत वर यायचं. गिऱ्हाइकं रेडिओ घेऊन यायची दुरुस्तीला. मी म्हणायचो, रेडिओ ठीक आहे हो, आभाळ हलतंय!" खरंच आहे ते. शॉर्टवेव्हच्या लहरी आपल्यापर्यंत येतात त्या वातावरणाच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थरावर आपटून. तो थर सतत बदलत असतो, म्हणून आवाज वरखाली होतो.

नाना, म्हणजे माझे वडील. मिरजेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, जे येईल ते उघडायचं आणि बोलतं करून परत द्यायचं. पुढं वस्तू स्वस्त झाल्या, बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी लोक नवी घेऊ लागले. २०११ साली नानांनी दुकान बंद केलं. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते हाताचं. २०१७ पासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. सोल्डरिंग आयर्न हातात धरलं की टोक नाचायचं. एक दिवस त्यांनी हत्यारांची पेटी बांधली आणि माळ्यावर ठेवून दिली. त्यानंतर घरातला मिक्सर बिघडला तरी ते "बाहेर दे" म्हणायचे. बोलणंही कमी झालं होतं.

माझी बहीण मिरजेतच दिलेली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, २०२३ साली नववीत होती. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. इथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात आमच्या या बाईसाहेबांना लागला नाद इलेक्ट्रिक गिटारचा! कुणाची तरी जुनी गिटार तिनं मिळवली होती. शाळेच्या गॅदरिंगसाठी चौघांचा ग्रुप जमला होता. एक तबल्यावर, एक पेटीवर, एक गाणारी आणि ही.

मे महिन्यात तिचा मला पुण्याला फोन आला. "मामा, ट्रेमोलो पेडल केवढ्याला मिळतं रे?"

मी चौकशी केली. पायानं ठोकून लय देता येईल आणि आपल्या मनाचे नमुने साठवता येतील असं पेडल काही हजारांच्या घरात जात होतं. तिच्या डब्यात होते चौदाशे रुपये. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी दहावी आणि आत्ता हे खूळ?" बाईसाहेब थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "विकत नको. बनवूया."

मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्याच्या बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची खाण आहे. एक आठ पायांची एटीटायनी८५ नावाची प्रोग्रॅम लिहिता येणारी चिप, टीएल०७२ नावाची आवाज मोठा करणारी चिप, एलडीआर, एलईडी, थोडे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, दोन सॉकेट, पायानं दाबायची दोन बटणं, ९ व्होल्टची बॅटरी. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत आलं. सामान घेऊन मी मिरजेला गेलो, तर भाचीनं त्याआधीच माळ्यावरची पेटी खाली काढून नानांच्या पुढ्यात ठेवली होती.

"नाना, मला सोल्डरिंग शिकवा."

"अगं, माझे हात चालत नाहीत आता."

"हात माझे आहेत की! तुम्ही नुसतं सांगा."

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "खिडकी उघड. धूर डोळ्यांत जातो." आणि शिकवणी सुरू झाली.

नानांनी पहिल्या दिवशी सर्किटला हातच लावू दिला नाही. तारांचे तुकडे दिले आणि पन्नास सांधे जोडायला लावले. "शिसं आयर्नला द्यायचं नाही. आधी तार गरम कर. मग शिसं तारेला लाव. तार पुरेशी गरम झाली की ते ती आपणहून ओढून घेते." चांगला सांधा चमकतो आणि पायाशी पसरट, वर निमुळता असा दिसतो. वाईट सांधा फिका, गोळ्यासारखा. तो वरून जोडलेला वाटतो, पण आतून सुटा असतो. त्याला ते 'ड्राय' म्हणायचे. पन्नासातले एकोणीस ड्राय निघाले. "परत," नाना म्हणाले.

आता हा डबा चालतो कसा, ते बघा. गिटारचा आवाज आत येतो, टीएल०७२च्या पहिल्या भागात थोडा सावरतो आणि मग त्याला एलडीआरमधून जावं लागतं. एलडीआरसमोर एलईडी बसवलाय, दोघांना काळ्या नळीत कोंडून टाकलंय, म्हणजे बाहेरचा उजेड आत येणार नाही. एलईडी उजळला की एलडीआरचा रोध काहीशे ओहमपर्यंत खाली येतो, आवाज सहज पार होतो. एलईडी विझला की रोध लाखो ओहमवर जातो, आवाज दबतो. एलडीआर म्हणजे दार, आणि एलईडी म्हणजे ते उघडणारा दारवान. टीएल०७२चा दुसरा भाग वाटेत कमी झालेला जोर भरून काढतो. युनि-व्हाइबमधला बल्ब आठवला ना? हा त्याचाच धाकटा भाऊ म्हणा.

मग दारवानाला हुकूम कोण देतं? ती आठ पायांची चिप. पण तिला दिवा अर्धा लावता येत नाही. तिला दोनच गोष्टी येतात, चालू आणि बंद. म्हणून ती एक युक्ती करते. एका सेकंदात ३१,२५० वेळा एलईडी चालू-बंद करते! त्यातला निम्मा वेळ चालू ठेवला तर उजेड निम्मा भासतो, पाव वेळ ठेवला तर पाव. आपल्या कानांना फार तर सेकंदाला २०,००० कंपनं ऐकू येतात, त्यामुळे ही उघडझाप ऐकू येत नाही. शिवाय एलडीआर आहे आळशी. त्याला एवढ्या वेगानं बदलता येत नाही, तो सरासरी उजेडच तेवढा ओळखतो. इथं त्याचा आळस आपल्या कामी येतो!

उजेड किती हवा, ते ० ते २५५ या आकड्यांत सांगायचं. ० म्हणजे पूर्ण बंद, २५५ म्हणजे पूर्ण चालू. लाटेसारखा हळुवार चढउतार हवा तर साइनचे आकडे लागतात. साइन नववीच्या त्रिकोणमितीत आहेच. भाचीनं आलेख कागदावर लाट काढली आणि तिच्यावरून चौसष्ट आकडे लिहून काढले. तिच्या आईनं दारातून डोकावून पाहिलं, मुलगी गणित करतेय! त्या दिवसापासून घरातला विरोध मावळला. शाळेच्या प्रयोगशाळेतला अर्डुइनोचा बोर्ड दोन दिवस उसना मिळाला, त्याच्यामार्फत प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवला.

पहिल्यांदा डबा चालू केला, तो क्षण मला अजून आठवतो. भाचीनं एक तार छेडली आणि खोलीभर 'वँव-वँव-वँव-वँव' असा आवाज झुलत राहिला. नाना लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, "वेग किती ठेवलायस?"

"सेकंदाला पाच."

नानांनी मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. कंपवातात हात थरथरतो तो साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा. अगदी तोच वेग. खोलीत सगळे गप्प झाले. आणि मग नाना मोठ्यानं हसले. "म्हणजे गेली सहा वर्षं मी ट्रेमोलोच वाजवतोय की!"

आपल्या हाताबद्दल नाना हसून बोलले, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण गोष्ट इतक्यात संपत नाही. खरी परीक्षा पुढंच होती.

भाचीला नुसती लाट नको होती. त्यांच्या ग्रुपनं स्वतः बांधलेली धून रूपक तालात होती. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. आणि त्याची खासियत ही, की समेवरच खाली येते! बहुतेक तालांत सम म्हणजे जोराची जागा, इथं पहिल्या तीन मात्रा हलक्या. भाचीला वाटलं, गिटारचा सूर नुसता धरून ठेवावा आणि त्याचा जोर आपोआप रूपकासारखा हलावा. मग तिनं प्रत्येक मात्रेला एक आकडा दिला. ९०, ९०, ७०, मग २५५, १६०, मग २५५, १६०. प्रत्येक मात्रेला आवाज त्या आकड्यापाशी उडी घेतो आणि हळूहळू उतरतो. सात आकडे संपले की पुन्हा पहिला. झाला रूपक! सहा आकड्यांचा दादरा, आठांचा केरवा, दहांचा झपताल. चिपमध्ये वीज गेली तरी न पुसणाऱ्या ५१२ जागा असतात. एका तालाला १६ जागा धरल्या तर किती ताल मावतील? करा भागाकार!

लय देण्यासाठी बटण पायानं दोनदा ठोकायचं. दोन ठोक्यांमधला वेळ चिप मोजते. ६०० मिलिसेकंद आले तर मिनिटाला १०० मात्रा. तबलजी जलद झाला तर गिटारवाल्यानं पुन्हा दोनदा ठोकायचं, की डबा त्याच्याबरोबर.

सगळं जमलं, पण एक भूत मागं लागलं. प्रत्येक मात्रेला आवाजात 'टिक' असा ठोका ऐकू यायचा. हळुवार लाटेत तो नव्हता, या उड्या मारणाऱ्या तालातच होता. घड्याळासारखी टिकटिक! वाजवताना त्रास, आणि मोठ्या स्पीकरवर तर तो केवढा झाला असता. भाचीनं तीन रात्री प्रोग्रॅम तपासला. प्रोग्रॅममध्ये काही सापडेना. गॅदरिंगला तीन आठवडे राहिले होते. ती रडकुंडीला आली.

नानांनी डोळे मिटून टिकटिक ऐकली. मग म्हणाले, "गिटार काढ."

गिटार काढली. टिकटिक चालूच.

"म्हणजे चोर गिटारीत नाही, डब्यात आहे. आता चिपला वेगळी बॅटरी लाव. आवाजाच्या भागाची बॅटरी वेगळी."

लावली. टिकटिक गायब!

"सापडला," नाना म्हणाले. "दोघं एकाच नळाचं पाणी पितायत."

ते त्यांनी असं समजावलं. वाड्यात एकाच पाइपावर दोन नळ असतात. खालच्यानं नळ एकदम सोडला की वरच्याची धार बारीक होते. चिप एलईडीला एकदम वीज देते, तेव्हा बॅटरीचा दाब क्षणभर डगमगतो आणि तो धक्का आवाजाच्या चिपला बसतो. तोच 'टिक'. "व्हॉल्व्हच्या रेडिओत फिल्टर कंडेन्सर सुकला की असंच व्हायचं. स्पीकरमधून 'फट-फट-फट' असा नावेच्या इंजिनासारखा आवाज. त्याला मोटरबोटिंगच म्हणायचे. असे किती रेडिओ आले असतील माझ्याकडे!"

उपाय? प्रत्येक नळापाशी एकेक पिंप भरून ठेवायचं. कंडेन्सर म्हणजे विजेचं पिंप. चिपच्या वाटेवर ४७ ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्यापुढं २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसवला. आता चिपला एकदम वीज लागली तर ती आपल्या पिंपातून घेते, बॅटरीला हिसका बसत नाही. आणि दोन्ही भागांच्या ग्राउंडच्या तारा वेगवेगळ्या नेऊन थेट बॅटरीच्या ऋण टोकालाच एकत्र जोडल्या. सोल्डरिंग अर्थातच भाचीचं. नाना बोट दाखवत होते, बोट थरथरत होतं, आणि ती विचारत होती, "हा की शेजारचा?" "शेजारचा." "हा?" "हां, तोच."

टिकटिक दहा हिश्शांतली एक हिस्सा उरली. ती गेली भाचीच्या युक्तीनं. तिनं प्रोग्रॅम बदलला. उजेडानं ७० वरून २५५ वर एका उडीत जायचं नाही, जिना चढल्यासारखं पायरीपायरीनं जायचं. सगळा जिना चढायला ८ मिलिसेकंद. कानाला तो जोराचा ठोकाच वाटतो, पण विजेला धक्का बसत नाही.

"नाना, अर्धा दोष तुम्ही काढलात, अर्धा मी," ती म्हणाली.

"दोष अर्धा काढता येत नाही," नाना म्हणाले. "एक तर असतो, नाही तर नसतो. आपण दोघांनी काढला."

सगळं बसवलं ते एका जुन्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात. धातूचाच डबा का? कारण घरातल्या विजेच्या तारांमधून सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा प्रवाह सतत वाहत असतो, आणि तो गिटारच्या नाजूक आवाजात 'हूंऽऽ' अशी गुणगुण मिसळतो. धातूचं कवच ग्राउंडला जोडलं की ते ही गुणगुण अडवतं. डबा पायाखाली चेपू नये म्हणून आतून प्लायवूडचा तुकडा लावला.

डिसेंबरमध्ये गॅदरिंग झालं. चार मिनिटांची धून. रंगमंचावर जमिनीलगत ठेवलेला तो डबा प्रेक्षकांतल्या कुणाला दिसलाही नसेल. गिटारचा सूर रूपकात झुलू लागला तेव्हा तबल्यावरच्या मुलानं मान डोलावली, एवढंच. घरी येताना रिक्षात मी नानांना विचारलं, "कसं झालं?"

नाना म्हणाले, "टिक नव्हती."

दोस्तांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. नानांचा हात काही बरा झालेला नाही. कंपवात औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, पण पूर्ण बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही. या आजारात पुढं पुढं माणसाचा आवाजही बारीक होत जातो, आणि नानांचा होतोय. भाचीला हे ठाऊक आहे. म्हणून तिनं एक दोनशे पानी वही केली आहे. तिच्यात तीन रकाने. लक्षण, कारण, उपाय. रोज संध्याकाळी नाना एक दोष सांगतात आणि ती लिहून घेते. 'रेडिओ हलवला की बोलतो, ठेवला की गप्प. कारण, ड्राय सोल्डर.' 'आवाज वाढवताना खरखर. कारण, बटणाच्या आतल्या पट्टीवर धूळ.' वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'नानांचे दोष'! ते वाचून नाना पुन्हा हसले.

बाजारात जाऊन पेडल विकत घेण्यात वाईट काहीच नाही. ते चांगलं वाजतं, दिसतंही सुंदर. पण ते बंद पडलं की आपल्याला फक्त दुकान आठवतं. स्वतः बनवलेला डबा बंद पडला तर कुठं बघायचं ते आपल्याला ठाऊक असतं. आणि नानांसारख्या माणसांना जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं छापलेलं कुठं नाहीच. ते त्यांच्या कानांत आणि बोटांत आहे. बोटं थकली की उरतात कान. कोणी विचारायला आलं तरच ते आपल्यापर्यंत येणार.

तुम्हाला असा डबा करून बघायचा असेल, तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतं. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय ते चालू करायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवा, खिडकी उघडी हवी आणि काम झालं की हात साबणानं धुवायचे, कारण त्या तारेत शिसं असतं. प्रयोग फक्त बॅटरीवर करायचा. भिंतीतल्या विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर किंवा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ कधीही उघडायचा नाही. त्यातले कंडेन्सर पिन काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. पालकांनो, ही एवढी काळजी तुम्ही घ्या आणि बाकी मुलांना करू द्या.

आणि पहिली पायरी सामान आणण्याची नाही. आपल्या गल्लीत, आळीत, नात्यात पूर्वी रेडिओ, टीव्ही किंवा घड्याळं दुरुस्त करणारं कोण आहे, ते आधी शोधा. दुकान बंद झालं असेल, पाटी पुसली असेल, पण माणूस असेल. एक वही आणि पेन घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, "आजोबा, तुम्ही काढलेला सगळ्यांत अवघड दोष कोणता?"

मग निवांत बसा. घरी परतायला तुम्हाला उशीर होणार आहे!